आकाशाची खानेसुमारी

आकाश पाहणारे लोक दोन तऱ्हेचे. काही शनीची कडी किंवा एखादा धूमकेतू पाहायला दुर्बीण लावतात. बाकीचे शिरगणतीच्या कारकुनासारखे, आवडनिवड न ठेवता, सारे आकाश टिपून ठेवतात. मी मराठीचा मास्तर, मला हे दुसरे जवळचे. मोल्सवर्थने १८३१ साली कोश छापला, तोही शिष्टांच्या शब्दांबरोबर खेडवळ शब्द मांडून.

आमच्या खडकीतून दिव्यांच्या झगमगाटात दिवाळीच्या अवसेलाही तारे बेताचेच दिसतात. पण इथून जवळच, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. त्या मंडळींना अंधाराची गरजच नाही. जुन्नर तालुक्यात खोडदच्या आसपास त्यांच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी सुमारे दोन मीटरच्या लहरींवर ९० टक्के आकाश पालथे घातले.

टिपणे झाली, पण चित्रे सहज निघेनात. या लहरी वातावरणाच्या विद्युतभारित थरातून येताना वाहत्या पाण्याखालच्या खड्यांसारख्या हलतात. अखेर ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी संग्रहातली सगळी टिपणे नव्या रीतीने गणकयंत्रातून काढली आणि २०१६ साली सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी सर्वांना खुली केली.

"पण याचा उपयोग काय हो?" हा प्रश्न मला ओळखीचा आहे. दारूगोळा कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या मी वीस वर्षे एका ट्रंकेत साठवतो आहे. दर दिवाळीच्या साफसफाईला सौ. हाच प्रश्न विचारते, आणि मला उत्तर सुचत नाही. यंदा ट्रंक रद्दीवाल्याकडे जाणार, असे ठरल्यातच जमा होते.

तेव्हा मी तिला २०१८ सालची हकीगत सांगितली. हॉलंडमधल्या लायडनच्या आयुष सक्सेना व सहकाऱ्यांनी त्या यादीतून लांब लहरींत ठळक आणि आखूड लहरींत फिके असे ठिपके वेचले. त्यांतला एक तेव्हा मानला गेला तोवरची सर्वांत दूरची रेडिओदीर्घिका! तिथून निघालेल्या लहरी आपल्यापर्यंत यायला बारा अब्जांहून अधिक वर्षे लागली. आधीचा विक्रम १९९९ पासून अबाधित होता.

सौ.ने शांतपणे ऐकून घेतले.

"बारा अब्ज वर्षे? अहो, मग ट्रंक माळ्यावर टाका. इथे रोज पायाला लागते."