हुस्ताईच्या माळावरील शिंगरें

मंगोलियाची राजधानी उलानबातर हिच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर हुस्ताई नांवाची डोंगररांग आहे. वर भूर्जवृक्षांचीं बनें, खालीं दूरवर पसरलेला गवताळ माळ, आणि दक्षिणेस तूल नदी. सुमारें पन्नास हजार हेक्टरांच्या या राखीव प्रदेशांत रानघोड्यांचें एक जुनें कुल नांदतें. मंगोल लोक त्यांस ‘ताखी’ म्हणतात. बुटका बांधा, पिवळसर तपकिरी अंग, पांढुरकें नाक आणि कुंच्यासारखी ताठ उभी आयाळ, यांवरून ताखी चटकन ओळखूं येतो.

उन्हाळ्यांत दिवसा हे कळप वाऱ्यासाठीं उंच धारेवर चढतात, व सूर्य कलला कीं पाण्यावर उतरतात. प्रवाशानें त्यांस पाहावें तें या वेळीं. एकेक कळप म्हणजे एक कुटुंबच: एक कर्ता घोडा, कांहीं घोड्या आणि त्यांचीं लहानमोठीं पोरें. वसंताच्या अखेरीस जन्मलेलीं शिंगरें प्रथम आईभोंवतींच खेळतात. तिला मध्यें धरून चौखूर उधळावयाचें, एकाएकीं वळावयाचें, हवेंत लाथ झाडावयाची आणि पुन्हां तिच्या कुशीला येऊन थांबावयाचें, हा त्यांचा पहिला खेळ.

पुढें सवंगडी मिळतात. नर शिंगरांस झुंजीचा खेळ अधिक आवडतो. मानेवर मान टाकणें, आयाळीस दांत लावणें, मागील पायांवर उभें राहणें, पुढचे पाय चावूं पाहणें आणि तो चावा चुकविण्यासाठीं गुडघे टेंकणें, असे त्याचे डाव आहेत. माद्या धांवण्यांत आणि एकमेकींची पाठ दांतांनीं खाजवून देण्यांत अधिक रमतात.

हा खेळ कीं भांडण, हें कसें ओळखावें? खऱ्या झुंजींत कान मागें चिकटलेले असतात, किंकाळ्या उठतात आणि लाथ नेमकी बसते. खेळांत कान बहुधा पुढें किंवा सैल असतात, चावा कातडीवरच थांबतो, आणि पाठलाग करणारा घटकाभरानें स्वतःच पुढें पळूं लागतो. एखादें शिंगरूं थोरांच्या अगदीं जवळ गेलें, तर मान पुढें करून तोंडाची उघडमीट करतें. ‘मी लहान आहें’ असें सांगण्याची ही त्यांची रीत.

नर दोन-तीन वर्षांचा झाला कीं त्यास घरचा कळप सोडावा लागतो. मग तो समवयस्क नरांच्या टोळींत जातो. तेथें झुंजीचा तोच खेळ पुढें चालतो, व त्यांतून बळ, चपळाई आणि प्रतिस्पर्ध्याचा अदमास हीं अंगीं येतात. स्वतःचें कुटुंब जमविण्यास त्याला बहुधा पांचवें वर्ष उजाडावें लागतें.

या सहवासाचें मोल ताखींच्या इतिहासावरून कळतें. रानांतला शेवटचा ताखी १९६९ मध्यें दिसला. उरले ते मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभास पकडून युरोपांत नेलेल्या घोड्यांचे वंशज. आजचे सारे ताखी सुमारें डझनभर पूर्वजांचे आहेत. प्राणिसंग्रहालयांनीं वंश राखला. परंतु आंखूड कुंपणांत कळपाचें जिणें कोठून यावें? यान व इंगे बाऊमन या डच दांपत्यानें १९७७ मध्यें ताखींसाठीं एक संस्था स्थापिली. घोड्यांस प्रथम विस्तीर्ण कुरणांवर एकत्र ठेवून कळपाची संवय लावावी व नंतर स्वदेशीं पाठवावें, असा तिचा क्रम होता. १९९२ मध्यें सोळा घोडे हुस्ताईस उतरले. आज तेथें तीनशेंहून अधिक ताखी आहेत.

या माळावर लांडगे शिंगरांच्या मागावर असतात आणि हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरतो. आईभोंवतीं उधळणारें शिंगरूं ज्या वळणांचा सराव करतें, तींच वळणें एके दिवशीं त्याचे प्राण वांचवितात. वंश रक्तानें चालतो हें खरें. पण घोड्याला घोड्यासारखें वागावयास दुसरे घोडेच शिकवितात, आणि त्यांतला मोठा भाग तो बाळपणीं खेळतां खेळतां शिकतो.