खोबरेल गोठतं तेव्हा

जानेवारी, रायपूर

थंडी पडली हे आमच्याकडे हवामान खात्याआधी खोबरेलाची बाटली सांगते. हे तेल साधारण 24 अंशांखाली गोठू लागतं आणि इथल्या पौषातल्या रात्री त्याहून बऱ्याच गार. मग सकाळी बाटली गच्चीवर उन्हात. कडेचं तेल आधी सुटतं, मधला पांढरा गोळा तसाच डुलत राहतो. मला कुठला धीर! चमच्याच्या दांड्यानं खरवडायचं आणि तळहातावर चोळून पातळ करायचं.

इथल्या तात्यापारा भागातल्या मराठी घरांतून केसांना खोबरेलच. कामाला येणाऱ्या मावशी मात्र टाचांच्या भेगांना मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं तेल लावतात. त्यांचं तेल जंगलातलं, आमचं समुद्राकाठचं.

2003 मध्ये रेले आणि मोहिले या संशोधकांनी दाखवलं, की खोबरेल लावल्यानं केसांतलं प्रथिन कमी झिजतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलानं तसं होत नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान नि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. न्हाण्याआधी तेल चोपडणारी आजी काही न वाचताच बरोबर होती.

पण रोज सकाळी चमचाभर खोबरेल पिण्याचं नवं खूळ मला पटत नाही. त्यातली 80 टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त; वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. मुरुमांच्या चेहऱ्यालाही ते नकोच. केसांना, कोपरांना, फुटलेल्या ओठांना हवं तेवढं लावावं. औषध म्हणून पिऊ मात्र नये.