रस्त्याची हद्द

आमच्या शिक्षकी पेशाची चौतीस वर्षे नकाशा भिंतीवर टांगण्यात आणि उतरविण्यात गेली. गोदावरीच्या उगमापासून मुखापर्यंत छडीचे टोक फिरविताना आमचा हात कधी थबकला नाही. परंतु निवृत्त झाल्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, जो नकाशा वाचण्याचा प्रसंग आम्हांवर आला त्यात नदी, पर्वत, राजधानी यांपैकी काहीच नव्हते. त्यात होती आमच्याच गावची शेते आणि त्यांवरून ओढलेल्या दोन तांबड्या रेघा. त्या रेघांनी आमची जी परीक्षा घेतली तीत आम्ही चार दिवस नापास होतो. ती हकीकत सांगावी, आणि असा नकाशा कसा तयार होतो व तो कसा तपासावा हेही तिच्याबरोबर सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच. पुण्यामुंबईस बिऱ्हाड असलेल्या पुष्कळ वाचकांची वडिलोपार्जित जमीन कोठे तरी गावी असते. तिच्यावरून आज ना उद्या अशी रेघ जाण्याचा संभव आहेच.

आमचे गाव कोकणातले. गावाजवळून जाणारा महामार्ग चौपदरी करावयाचा ठरला तेव्हा देवळाच्या पारावर पहिला प्रश्न निघाला तो रुंदीचा. एक गृहस्थ तावातावाने आम्हांस म्हणाले, "मास्तर, गाड्या धावणार केवढ्याशा जागेत, आणि सरकार मागते साठ मीटर! उरलेल्या जागेत काय नांगर धरणार?" प्रश्न वरवर रास्त दिसतो. गाड्यांच्या एका पदराची रुंदी साडेतीन मीटर. चार पदरांचे चौदा मीटर झाले. परंतु रस्ता म्हणजे केवळ डांबर नव्हे. मध्ये दुभाजक हवा, दोहों अंगांस बाजूपट्ट्या हव्यात, भराव घातला तर त्याच्या उतारास जागा हवी, कोकणातला पाऊस वाहून नेण्यास गटारे हवीत, विजेचे खांब आणि पाण्याचे नळ कोठे तरी न्यावे लागतात, आणि पुढेमागे रस्ता आणखी वाढविण्याची वेळ येते. या सर्वांस पुरेल अशी जी पट्टी तिला सरकारी भाषेत मार्गाधिकार म्हणतात. नकाशावरील दोन तांबड्या रेघा या त्या पट्टीच्या कडा होत.

हा नकाशा तयार होतो तो असा. अभियंते प्रथम रस्त्याची मध्यरेषा ठरवितात. तिच्या दोन्ही बाजूंस ठरलेले अंतर घेऊन कडा आखतात, आणि ही आखणी गावच्या जमीनमोजणीच्या नकाशावर बसवितात. मग कोणता सर्व्हे नंबर, त्यातला कोणता हिस्सा, कितीसा कापला जातो हे मोजून एक तक्ता करतात, आणि सातबारा पाहून खातेदाराचे नाव त्या तक्त्यात भरतात. ऐकावयास हे सरळ आहे. अडचण इतकीच की, येथे दोन निरनिराळ्या युगांच्या रेघा एका कागदावर येतात. अभियंत्याची रेघ आजच्या यंत्राने, उपग्रहांच्या साहाय्याने आखलेली. आणि शेताची रेघ आमच्या पणजोबांच्या वेळची, साखळीने मोजलेली.

आपल्या देशात भूमिमापनाची विद्या जुनी आहे. वेदीचे क्षेत्र आखण्यासाठी जी सूत्रे रचली गेली त्यांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. शिवकालात पाच हात व पाच मुठी लांबीची काठी होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा बिघा होई, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. इंग्रजी अमदानीत प्रिंगल यांची पाहणी फसल्यावर १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले, आणि पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण गुंठा गुंठा म्हणतो तो याच साखळीचा चौरस होय.

आमच्या गावच्या जुन्या नकाशात एका इंचास सहाशे साठ फूट धरले आहेत. म्हणजे त्यावरील अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर जागा व्यापते. शंभर मीटर लांबीच्या शेताच्या कडेने ती रेघ गेली, तर केवळ शाईखाली चार गुंठे गेले! ही गणिते आम्ही पूर्वी मुलांस फळ्यावर घालीत असू. त्यांत कोणाची विहीर बुडते याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

आता आमची गोष्ट. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाप्रमाणे अधिसूचना प्रसिद्ध झाली की त्या दिवसापासून २१ दिवसांच्या आत हितसंबंधी माणसाने लेखी हरकत द्यावयाची असते. पुढे रीतसर घोषणा झाली म्हणजे जमीन केंद्र सरकारची होते, आणि मोबदला कोणाचा किती असा वाद उरला तर त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. आम्ही तालुक्याच्या गावी जाऊन नकाशा पाहिला तेव्हा अकरा दिवस उलटून गेले होते. चष्मा पुसून, मोजपट्टी लावून आम्ही आमचा सर्व्हे नंबर शोधून काढला. त्यात तुटक रेघेने दोन हिस्से पाडले होते. रस्त्याकडचा हिस्सा एक, मागचा हिस्सा दोन. तांबडी रेघ हिस्सा एकमधून गेली होती, आणि तक्त्यात नऊ गुंठ्यांपुढे आमचे नाव होते.

आम्ही पुन्हा पाहिले. चूक उघड होती. हिस्सा एक आमचा खरा, परंतु तो मागचा, घराकडचा. रस्त्याकडचा हिस्सा दोन आमच्या जुन्या कुळाचा. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. त्याप्रमाणे हे बावीस गुंठे त्यांच्याकडे गेले. किंमत ठरली, हप्ते फिटले, सातबारा वेगळा झाला. परंतु हिस्स्यांची प्रत्यक्ष मोजणी मात्र कोणी करून घेतली नाही. मध्ये एक गडगा होता, तो दोन्ही घरांस पुरेसा होता. आमच्या वडिलांच्या काळी हिस्से मोजावयास सुरुवात झाली ती घराकडून. नव्या नकाशावर ज्याने क्रमांक घातले त्याने ती केली रस्त्याकडून. एवढ्याने जमीन जावयाची ती त्यांची, आणि पैसा यावयाचा तो आम्हांस, असा योग जुळून आला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याचे नियम १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांसही लागू आहेत, त्यामुळे रक्कम काही लहान नव्हती. आमच्या चार वर्षांच्या निवृत्तिवेतनाहून ती अधिक होती.

आम्ही कार्यालयात कोणास काही बोललो नाही. घरी आलो आणि जेवून निजलो. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. पुण्यास मुलाला दूरध्वनी केला, तर तो म्हणाला, "अप्पा, नकाशा तुम्ही काढलेला नाही. आणि ती जमीन मुळात आपलीच होती ना?" त्याचे बोलणे आम्हांस गोड लागले, हे कबूल केले पाहिजे. कुळकायद्यात जमीन गेल्याचे दुःख आमच्या घरात बोलून दाखविले जात नसे, पण ते ओटीवरच्या झोपाळ्यासारखे होते. नेहमी तेथेच, आणि कोणी हात लावला की कुरकुरणारे. असे चार दिवस गेले. नकाशात चूक सरकारची आहे, ती दुरुस्त करणे आमचे काम नव्हे, असे आम्ही स्वतःला समजावीत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी त्या कुळाचा मुलगा आला. तो आमचाच विद्यार्थी; आता पन्नाशी उलटलेला. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तालुक्याला नकाशा बघून आलात म्हणे. मला काय त्यातलं कळत नाही. तुम्ही बघितलंत ना? मग झालं." एवढे बोलून, चहा घेऊन तो निघूनही गेला. त्याने काही विचारले असते तर आम्ही उत्तरास काही शब्द तरी शोधले असते. त्याने विचारलेच नाही.

तो गेल्यावर कुटुंबाने आतून येऊन आमच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाली, "अहो, ती विहीर कोणी खणली ते तुम्हांस ठाऊक नाही का?"

ठाऊक होते. १९७४ साली त्या मुलाच्या बापाने कातळ फोडून ती खणली. जमीन गेल्यापासून आमचे वडील त्या बाजूस फिरकले नव्हते. पाणी लागले त्या संध्याकाळी तो म्हातारा पहिली कळशी खांद्यावर घेऊन आमच्या ओटीवर आला, आणि काही न बोलता ती खाली ठेवून उभा राहिला. वडील थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी आम्हांस तांब्या आणावयास सांगितला आणि ते पाणी प्याले. ती विहीर आज तांबड्या रेघेच्या आत येत होती, आणि तक्त्यात तीही आमच्याच नावावर होती.

आमचे संस्कृताचे अध्ययन वडिलांपाशी झाले. स्मृतिकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत सीमाविवाद हे एक आहे. सीमेवर वड, पिंपळ यांसारखे वृक्ष लावावे, जमिनीत दगड, कोळसे, तूस अशा खुणा पुरून ठेवाव्या, आणि एवढ्यानेही निर्णय न झाला तर शेजाऱ्यांची साक्ष घ्यावी, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. विद्यार्थिदशेत आम्हांस या पुरलेल्या कोळशांची मोठी मौज वाटे. साक्षीचा भाग आम्ही पाठ करून सोडून दिला होता. त्या दिवशी ध्यानात आले की गडगा कोणी घातला, हिस्सा कोठून मोजला, विहीर कोणाची, हे सांगणारा साक्षी गावात आता आमच्यावाचून फारसा कोणी उरला नव्हता. आणि तोच साक्षी चार दिवस तोंड मिटून बसला होता. नकाशा खोटे बोलत नव्हता. त्याला जे सांगितले गेले तेवढेच तो सांगत होता. खोटे पडणार होते ते आमचे मौन.

मुदतीचे सहा दिवस शिल्लक होते. आम्ही त्याच दुपारी अर्ज लिहिला. हिस्स्यांचे क्रमांक उलट पडले आहेत, संपादनाखाली येणारे नऊ गुंठे व विहीर हिस्सा दोनमधील असून त्यांवर आमचा हक्क नाही, असे स्पष्ट लिहून त्यास दोन्ही सातबारे, कुळाच्या खरेदीच्या प्रमाणपत्राची नक्कल आणि आमच्या हाताने काढलेला एक कच्चा नकाशा जोडला. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्यास बरोबर घेऊन तालुक्यास गेलो आणि त्याचाही अर्ज देवविला. वाटेत त्याला सर्व सांगितले. चार दिवस गप्प बसलो तेही सांगितले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंच नसतं." त्यात क्षमा होती की नुसती वस्तुस्थिती होती, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.

पुढे संयुक्त मोजणी झाली. भूमापक आपले यंत्र तिपाईवर ठेवून उभा राहिला; आम्ही दोघे गडग्याच्या दोन टोकांस उभे राहिलो. विहीर, तीन आंबे आणि एक फणस हिस्सा दोनमध्ये नोंदले गेले. पंचनाम्यावर दोघांनी सह्या केल्या. काही महिन्यांनी दुरुस्त तक्ता आला, त्यात आमच्या नावापुढे शून्य होते. मुलाला कळविले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "बरं केलंत, अप्पा." त्याच्या स्वरात थोडी खंत होती, ती आमच्याही मनात होतीच.

वाचकांस शेवटी चार गोष्टी सुचवितो. आपल्या गावी अशी अधिसूचना निघाली तर नकाशा स्वतः जाऊन पहा, आणि मुदतीच्या पहिल्या आठवड्यात पहा. आधी उत्तर दिशा व प्रमाण पाहून घ्या, मग सर्व्हे नंबर आणि हिस्सा जागेवर कोणत्या बाजूस आहे ते ताडून पहा. तक्त्यातील क्षेत्र सातबाऱ्याशी मिळवा. विहीर, झाडे, घर, गडगा यांतील प्रत्येक वस्तू नोंदली आहे की नाही, आणि उरलेल्या तुकड्यास जाण्यायेण्यास पाणंद राहते की नाही, हे विचारा. संयुक्त मोजणीच्या दिवशी काहीही करून जागेवर हजर रहा. आणि आपला नंबर पाहून झाला म्हणजे लगेच नकाशाची घडी घालू नका. शेजारच्या नंबराकडेही एकदा पहा. त्याच्या मालकाला कदाचित नकाशा वाचता येत नसेल.

विहीर आता बुजली. रस्त्याचा भराव तेथवर आला आहे. मोबदल्याच्या पैशातून त्या विद्यार्थ्याने मागे, आमच्या गडग्याजवळ, नवी विहीर खणली. पाणी लागले त्या दिवशी तो कळशी घेऊन आला. आम्ही तांब्या आणावयास आत गेलो, आणि तो हातात घेतल्यावर थोडा वेळ तसेच स्वयंपाकघरात उभे राहिलो.