त्रैराशिक आणि पातेलं

परवा माळा आवरताना एक जुनी वही सापडली. ओहायोत ऑनसाइट असताना मी आणि माझा रूममेट (तो कल्याणचा, मी डोंबिवलीचा, म्हणजे तिकडे गेल्यावर सख्खे शेजारीच!) घरी बिअर बनवायचो, त्याची. तिथे १९७९ पासून याला केंद्राच्या कायद्याची परवानगी आहे. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. आमची मजल चार लिटरची!

त्याच्या परतीला पाच आठवडे उरले होते आणि निरोपाच्या पार्टीला आपलीच बिअर हवी, हा त्याचा हट्ट. दोन आठवडे आंबायला, दोन बाटलीत फसफसायला. म्हणजे चान्स एकच.

तिकडच्या रेसिपी पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या. आमचं पातेलं दहा लिटरचं. आम्ही इंजिनिअर, त्रैराशिक मांडलं. ४.२ किलो मॉल्टचं झालं ८८५ ग्रॅम. (मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपली मटकीच, थोडी फॉरेन रिटर्न.) भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात तासभर ठेवायचं, गाळायचं आणि ते गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं. रेसिपीत २३ लिटर उकळून १९ उरतं. त्या हिशेबाने आमचं ४.८ चं ४ व्हायला हवं होतं.

तासाभराने पातेल्यात तीनच लिटर! हायड्रोमीटर म्हणाला १.०५७, हवं होतं १.०५०. "स्ट्राँग झाली रे!" रूममेट खूश. मी लिटरभर उकळून गार केलेलं पाणी घालून चार लिटर केले. आता आकडा १.०५० यायला हवा. आला १.०४३.

दोन बग एकमेकांना झाकत होते. रेसिपी ७५ टक्के एफिशियन्सी धरून लिहिलेली, म्हणजे मॉल्टमधली तेवढी साखर पाण्यात उतरणार. आम्ही मात्र श्रीखंडाच्या चक्क्यासारखं फडक्यात बांधून गाळलं, वरून गरम पाण्याने धुतलंच नाही. आमची जेमतेम ६५. साखर कमी उतरली होती, पण पाणी जास्त आटल्यामुळे आकडा वर गेला आणि चूक लपली. (असला कोड प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं चालतो, विचारू नका.)

पाणी का आटलं, ते आईने फोनवर सांगितलं. तिला आम्ही "एक पेय" बनवतोय एवढंच माहीत. म्हणाली, "अरे, वाफ पातेल्याच्या तोंडातून जाते. आत किती आहे त्यावर थोडीच जाते? शंभर माणसांच्या पुलावाला कुणी घरच्या पाण्याच्या वीसपट पाणी घालतं का?"

झालं! त्याच रात्री नवं गणित. मॉल्ट ८८५ गुणिले ७५ भागिले ६५, म्हणजे १ किलो २० ग्रॅम. पाणी मात्र गुणायचं नाही, बेरीज करायची: हवेत ४ लिटर, आमच्या शेगडीवर तासाला आटतात १.८, मॉल्ट पिऊन टाकतं साधारण १. सगळे मिळून ६.८. पुढच्या शनिवारी दुसरा घाणा लावला. आकडा आला १.०५०. नाचलो आम्ही.

पार्टीला अर्थात पहिलीच प्यायली सगळ्यांनी. पाणचट होती. कुणी बोललं नाही, पण अर्ध्याहून जास्त बाटल्या उरल्या. दुसरी तयार झाली तेव्हा तो कल्याणला पोचला होता. आणि इथे १९४९ चा दारूबंदी कायदा, घरी बिअर बनवता येत नाही. डोंबिवलीत २०१४ मध्ये गेटवे ब्रुइंगने क्राफ्ट बिअर सुरू केली, पण ती रीतसर परवान्याची ब्रुअरी. आपल्या ओट्यावर ते चालायचं नाही.

दुसऱ्या घाण्याची पहिली बाटली मी शुक्रवारी रात्री व्हिडिओ कॉलवर उघडली. त्याच्याकडे शनिवारची सकाळ होती, हातात चहा. फेस चांगला दोन बोटं आला. तो बराच वेळ ग्लासकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ती शीट मला मेल कर."

केली.

ते पातेलं मी येताना घेऊन आलो. त्यात आता इडलीचं पीठ असतं.