घडी मोडताना

पिशवीची चेन उघडली आणि आधी आला तो वास. चिपळूणच्या आमच्या घरात गणपतीच्या तोंडावर मागच्या खोलीतलं कपाट उघडलं की येतो तसाच, कुबट. तरीही मी तो मनावर घेतला नाही, कारण त्यामागून जे कापड बाहेर आलं ते डोळ्यांत भरणारं होतं. नारिंगी, पांढरं, टोकांना निळी पट्टी. पाच वर्षांचा पॅराग्लायडर आणि उडालेला जेमतेम साठ तास. विकणारे गृहस्थ समुद्राजवळ राहणारे, कामाच्या व्यापात उडणं सुटलेलं. त्यांनी काही लपवलं नाही. "दोन वर्षं माळ्यावरच आहे," असं त्यांनीच सांगितलं. मला त्यातून एवढंच ऐकू आलं की ग्लायडर फारसा वापरलेला नाही.

सर सोबत आले होते म्हणून बरं. कामशेतला ज्यांच्याकडे मी उडायला शिकले ते सर. त्यांनी कापड हातात घ्यायच्या आधी पिशवीतच नाक घातलं आणि विचारलं, "वास घेतलास?"

नंतर आम्ही तो मैदानात पसरला. शिवलेलं लेबल आधी वाचलं. त्यावर बनावटीचा महिना, वर्ष आणि वजनाची मर्यादा असते; याची होती ७५ ते ९५ किलो. हे वजन नुसत्या माणसाचं नव्हे. हार्नेस, रिझर्व्ह पॅराशूट, हेल्मेट आणि ग्लायडरसकट सगळं धरून. माझं सामानासह ८० भरतं, म्हणजे तिथे काही अडचण नव्हती. मग सरांनी एकेक कप्पा उन्हाच्या दिशेने धरला. पंखाच्या आतल्या पडद्यांची शिवण, पुढच्या कडेला जमिनीवर घासून पडलेल्या खुणा, उजेड आरपार दिसेल अशी बारीक छिद्रं. असं काहीच नव्हतं. दिसायला कापड निर्दोष होतं, फक्त घड्यांच्या रेषांवर करड्या ठिपक्यांची ओळ होती. मला वाटलं धूळ. बोटाने पुसली, गेली नाही.

ग्लायडरचं कापड म्हणजे पातळ नायलॉन आणि त्यावर पॉलियुरेथेनचा लेप. हवा अडते ती या लेपामुळे. ओल आणि उष्णता एकत्र आली की लेप हळूहळू विघटित होतो, आणि बाहेरून त्याचा मागमूस दिसत नाही. उन्हाने झालेलं नुकसान निदान रंग उडून कळतं. ओलीचं नुकसान वास किंवा अशा ठिपक्यांखेरीज कशातून कळत नाही, किंवा मग पोरोसिटी मीटर लावावा लागतो. हे यंत्र कापडावर बसवतात आणि ठरावीक हवा त्यातून पार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. नवं कापड शेकडो सेकंद दाद देत नाही. आकडा दहा-पंधराच्या खाली गेला की तो ग्लायडर उडवायचा नाही. सरांनी वरच्या बाजूला, मधोमध, पुढच्या कडेपासून हातभर मागे यंत्र बसवलं. बारा सेकंद. शेजारच्या कप्प्यावर चौदा. टोकाकडे तीस.

साठच तास उडालेल्या ग्लायडरचे बारा सेकंद! मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात पश्चिमेचा वारा धरला म्हणून सरांनी तो उभा करून बघायला सांगितला. मी हार्नेस घालून ओढला. पंख उठला, भरला, पण डोक्यावर येईना. जरा मागेच लटकून राहिला. सरांनी कारण सांगितलं ते मी आजही नव्या मुलांना सांगते. लाइन्स म्हणजे पंखाला पायलटशी जोडणाऱ्या दोऱ्या. पुढच्या ए लाइन्सवर पायलटचं बरंचसं वजन असतं, मागच्या सी लाइन्सवर कमी. डायनीमा या धाग्याच्या लाइन्स भिजून वाळल्या की आखडतात. ज्यांच्यावर ताण असतो त्या उडताना पुन्हा ताणल्या जातात, मागच्या मात्र आखडलेल्याच राहतात. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला तरी पंखाची मागची कड सतत खाली ओढलेली राहते, जणू कोणी ब्रेक धरून ठेवलाय. त्यात कापडातून हवा गळत असली तर असा पंख भरलेला दिसूनही पुढे चालणं सोडतो आणि सरळ खाली बसायला लागतो. जमिनीजवळ असं झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. "लाइन्स बदलता येतात गं," सर म्हणाले, "कापड नाही बदलता येत."

आम्ही त्या गृहस्थांना आकडे दाखवले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो दुसऱ्या कोणालाही विकणार नाही असं तिथल्या तिथे सांगितलं. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर वाटतो.

मी घेतला तो ग्लायडर दीड महिन्यानंतर मिळाला. दीडशे तास उडालेला, लाल रंग टोकांना गुलाबी झालेला, एका कप्प्यावर ठिगळ. पण पिशवी उघडल्यावर वास नव्हता, पोरोसिटी ऐंशीच्या वर होती, लाइन्स जिथे जोडतात त्या रायझरवरच्या कड्यांना गंज नव्हता आणि सोबत एक वही होती. त्यात प्रत्येक उड्डाणाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'लँडिंग ओल्या गवतात. घरी पसरून वाळवला.' ती ओळ वाचून मी पैसे दिले.

माझीही तशीच वही आहे आता. डिसेंबरात कामशेतच्या टॉवर हिलवरून शेवटचं उड्डाण करून खाली उतरावं तर तिन्हीसांजेला गवतावर दव धरायला लागलेलं असतं. अशा वेळी मी ग्लायडर गाडीत आवळून ठेवत नाही. सैल गुंडाळते आणि पुण्यात पोचले की हॉलमध्ये पंख्याखाली उलगडते. साडेचोवीस चौरस मीटर कापड एका वेळी मावत नाही, अर्धं अर्धं करावं लागतं. असंच एकदा कप्पे झटकताना आतून एक नाकतोडा निघाला, मेलेला. त्याने जाता जाता पडद्याला वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं. ओला ग्लायडर बंद गाडीत दुपारभर उन्हात ठेवणं हे मात्र सगळ्यात वाईट. ओल आणि उष्णता, दोन्ही एकाच पिशवीत.

पहिल्या पावसाळ्यात पुण्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. ग्लायडर नीट जपायचा म्हणून कोरड्या कपाटात ठेवला, बाहेरच्या भिंतीला लागून नाही, माळ्यावर तर नाहीच. पिशवीची चेन उघडी आणि महिन्यातून एकदा उघडीप बघून वारा. पण सप्टेंबरात कामासाठी मला तीन आठवडे बाहेर जायचं होतं. नाइलाजाने तो चिपळूणला आईकडे ठेवला. जगात सगळ्यात सादळणारी जागा तीच, हे माहीत असून.

परत आले तर पाऊस सरलेला. आईने पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या. अंगणात गाद्या, उशा, तांदळाची पिंपं उन्हात मांडलेली, पण ग्लायडर सावलीत.

"उन्हात नाही घातलास?"

"रेशीम कोणी उन्हात घालतं का? त्याला वारा दाखवायचा. आठवड्यातनं दोनदा काढत होते."

मी खाली वाकून वास घेतला. कापडाचा स्वतःचा असतो तेवढा, बाकी काही नाही. आम्ही दोघी दोन टोकं धरून घडी घालायला लागलो. मी नेहमीच्या रेषेवर दुमडणार तेवढ्यात आईने हात धरला.

"त्याच जागी काय दुमडतेस सारखी? चिरेल तिथे. चार बोटं सरकव."

मी चार बोटं सरकवली.