चावडीवरचा सातबारा

मृग तोंडावर आला की केज तालुक्यातल्या आमच्या गावात एकच घाई असायची, भाऊसाहेबांना गाठायचं. भाऊसाहेब म्हणजे तलाठी. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावाच्या जिभेवर ते अजून बसलेलं नाही.) सोसायटीच्या पीककर्जाला उतारा लागे आणि दप्तर लाल फडक्यात बांधून भाऊसाहेबांबरोबर सजेतल्या गावांतून फिरत असे. ते सापडेपर्यंत वडलांचे तीन हेलपाटे ठरलेले.

उतारा हाताने लिहिलेला. वरती सात नंबरचा नमुना मालकीचा, खाली बारा नंबरचा पिकांचा. अक्षर असं, की ज्वारी आहे की बाजरी हे लिहिणाऱ्यालाच विचारावं. पीकपाहणी बऱ्याचदा पारावर बसूनच व्हायची. आमच्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, तरी एका वर्षी कागदावर तिथं ऊस उभा होता!

पण एक गोष्ट फार छान होती, चावडीवाचन. भाऊसाहेब एकेक गट वाचत आणि सबंध गाव ऐकत बसे. कुणाची विहीर, कुणाचा बोजा, कुणाच्या बांधावरची आंब्याची झाडं. चुकलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ भाऊसाहेब, ती विहीर बुजून दहा वर्षं झाली!"

आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा घरबसल्या दिसतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पिकाची नोंद करतो. हेलपाटे वाचले, यात वाद नाही. रोजगार हमीची हजेरीपत्रकंसुद्धा, जी पूर्वी मुकादमाच्या पिशवीत असत, आज कुणालाही गाववार पाहता येतात.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाचं काम करतो. गावात सोयाबीन किती वर्षांपासून वाढलं आणि त्यात विहिरीवरचं किती, हे त्याला मांडून पाहायचं होतं. तो बसला. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरं, की एक उतारा. पुढच्या गटाला पुन्हा तेच. दिल्लीच्या सरकारने २०१२ साली खुल्या माहितीचं धोरण आणलं, डेटा डॉट जीओव्ही डॉट इन उघडलं. आमच्या गावाचा बारा नंबर मात्र एकेका खिडकीतूनच दिसतो. माहिती पाहायला मिळते, वापरायला मिळत नाही.

नावं आणि कर्जाचे बोजे कुणी मागत नाही, ते झाकलेलेच बरे. पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, एवढं गाववार एका तक्त्यात द्या. चुका आम्ही सांगू. चावडीवर सांगतच होतो.