कोंबडीच्या पंगतीत अळंबी

श्रावण लागला की आमच्या घरात कोंबडीला अभय मिळते आणि अळंबीवर संक्रांत येते. पावसाने जमीन भिजली की वारुळांच्या अंगाखांद्यावर पांढऱ्या छत्र्या उगवतात. ही खरे म्हणजे वाळवीची शेती. वाळवी आपल्या वारुळात जी बुरशी जोपासते, तिलाच पावसाळ्यात वर डोके काढायची हुक्की येते आणि माणूस ती खुडून आणतो. कांदा-खोबऱ्याचे वाटण लावलेला तिचा रस्सा पानात पडला की पंगतीत कोणीतरी म्हणतेच, “अगदी कोंबडीसारखी लागते हो!” अलीकडे या वाक्याला एक शास्त्रीय शेपूटही फुटले आहे : “आणि ताकदही कोंबडीएवढीच!”

पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. मांसाच्या चवीमागे जे ग्लुटामेट असते ते अळंबीतही भरपूर असते. जीभ फसते ती उगाच नाही. शिवाय वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांनी अळंबीला झाडापाल्यात बसवले असले, तरी 1969 साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच राज्ये मांडली आणि बुरशीला तिचे स्वतंत्र राज्य दिले. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते. खेकड्याच्या पाठीचे कवच ज्याचे, तेच हे कायटिन. (हे आजीला अजून कोणी सांगितलेले नाही, आणि कोणी सांगूही नये.)

दुसऱ्या वाक्याचा मात्र हिशेब मागायला हवा, कारण आमच्या घरी ते पंगतीतल्या गप्पांपुरते राहिले नाही. आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून तिने मांसाचे नाव घेतलेले नाही. मागे ती एका दुखण्यातून उठली तेव्हा अंगात काही उरले नव्हते. डॉक्टर म्हणाले, प्रथिने वाढवा. कोंबडीचा प्रश्नच नव्हता. मग एका नातेवाइकांनी अळंबी म्हणजे ‘शाकाहारी कोंबडी’ असे ठासून सांगितले आणि शहरातून येणारा प्रत्येकजण पांढऱ्या बटण अळंबीची पाकिटे घेऊन येऊ लागला. दूध कफ करते म्हणून बंद, डाळ जड म्हणून बंद, आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर अळंबी!

आम्ही कला शाखेची मंडळी. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दुरून नमस्कार करण्यापुरता. पण त्रैराशिक कोणालाही येते. 100 ग्रॅम ताज्या बटण अळंबीत सुमारे 92 ग्रॅम पाणी आणि जेमतेम 3 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच वजनाच्या कोंबडीच्या छातीच्या कच्च्या मांसात ती 22 ग्रॅमच्या आसपास भरतात. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात असे आपल्याकडचे आहारतज्ज्ञ धरतात. आजीचे वजन 50 किलो धरले तर झाली 41 ग्रॅम. ती कोंबडीतून मिळवायची तर पावशेरालाही थोडे कमी मांस पुरे. नुसत्या अळंबीतून मिळवायची तर सव्वा किलोहून अधिक अळंबी रोज पोटात जायला हवी. एवढी तर वाळवीही खात नसेल.

मग ‘कोंबडीएवढी ताकद’ आली कोठून? ती आली वाळवणातून. अळंबी पूर्ण सुकवली की पाणी उडून जाते आणि उरलेल्या चूर्णात प्रथिनांचे प्रमाण शेकडा 20 ते 30 निघते. हा सुका आकडा ओल्या कोंबडीच्या आकड्याशेजारी मांडला की दोघी जुळ्या बहिणी दिसू लागतात! याच न्यायाने कच्ची तूरडाळ तर कोंबडीच्या मांडीला मांडी लावून बसेल, कारण तिच्यातही 100 ग्रॅमला 22 ग्रॅम प्रथिने आहेत. पण शिजताना ती पाणी पिते आणि वाटीतल्या वरणात त्यातली थोडीच उरतात. त्यातून आणखी एक गोम अशी, की प्रथिने मोजतात ती बहुधा नत्रावरून, आणि कायटिनमध्येही नत्र असते. म्हणून नेहमीच्या 6.25 ऐवजी अळंबीसाठी 4.38 या अंकाने गुणतात. जो हे विसरला त्याची अळंबी कागदावर फुगते.

अळंबीची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही. 100 ग्रॅममागे अवघे 22 उष्मांक, नावापुरती चरबी, थोडा चोथा, पोटॅशियम, ब गटातली काही जीवनसत्त्वे हे गुण तिचेच आहेत. कोंबडीत चोथा औषधालाही नसतो. अतिनील किरण लागले तर अळंबीत ड जीवनसत्त्व तयार होते, हेही खरे. ब-12 मात्र तिच्यात नगण्य, आणि गंमत म्हणजे कोंबडीतही बेताचेच. आजीसाठी त्याचा भरवशाचा झरा होता दूध-दही, आणि नेमके तेच आम्ही बंद केले होते.

आता कोंबडीकडेही जरा डोळे उघडून पाहू. आजाऱ्याला ‘रस्सा पाज’ म्हणतात, पण प्रथिनांचा मोठा वाटा राहतो तुकड्यांत. आमच्याकडे रविवारी तुकडे आधी बाबा-काकांच्या ताटात, मग पोरांच्या, आणि आई-काकूंच्या भाकरीला उरतो तो रस्सा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 57 जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. पण तो आकडा वाचला तेव्हा मला आमचेच स्वयंपाकघर दिसले.

आजीच्या ताटाचा निकाल लागला तो एका कागदावर. पेलाभर दुधात साधारण 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7, घट्ट वरणाच्या वाटीत 6, असे मी आईला लिहून दिले. तिने तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. डॉक्टरांनाही विचारले, ते म्हणाले, दूध कशाला बंद केलेत? अळंबी आठवड्यातून एकदा राहिली, चवीपुरती.

आईच्या ताटाचा निकाल अजून लागायचा आहे. परवाच्या रविवारी मी वाढायला बसले आणि पहिले दोन तुकडे तिच्या ताटात घातले. तिने ते उचलून धाकट्याच्या ताटात टाकले. मी परत घातले. काका खाकरले.